लाइट आहे का?

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला. आता मांडव्यापासून रेडीपर्यंत किनारपट्टीवर रोज संध्याकाळी एकच प्रश्न ऐकू येणार, "काय हो, तुमच्याकडे लाइट आहे?" विचारणाऱ्याला पंप चालवायचा असतो, मोबाइल चार्ज करायचा असतो. उजेडाचं काय, तो कंदिलाचाही चालतो. पण हाच प्रश्न एखाद्या इंग्रजाला विचारलात, तर तो बहुधा खिशातली काडेपेटी पुढे करेल. सिगारेट पेटवायला विस्तव मागताना त्याच्याकडे असंच विचारतात.

इंग्रजीतल्या 'लाइट'चे अर्थ तरी किती! उजेड, दिवा, विस्तव, खिडकीचं तावदानसुद्धा. आणि शिवाय हलका. हा 'शिवाय' मात्र फसवा आहे. उजेडाचा लाइट आणि हलका लाइट हे एका शब्दाचे दोन अर्थ नाहीतच. ते वेगवेगळ्या मुळांचे दोन शब्द आहेत. उजेडवाल्याचं मूळ संस्कृतातल्या 'रुच्', म्हणजे चमकणे, या धातूशी जुळतं. आपली रुची त्याच घराण्यातली. दुसऱ्याचं नातं 'लघु'शी, आणि लघुपासूनच प्राकृतातून मराठीत 'हलका' आला, 'हळू' आला. म्हणजे "लाइट म्हणजे हलका" असं मास्तर फळ्यावर लिहितात, तेव्हा दोन चुलतभावंडं शेजारी बसलेली असतात.

मला हा हलका लाइट जास्त आवडतो, कारण तो समुद्रावर येतो. लायटर म्हटलं की आपल्याला गॅसची शेगडी आठवते; पण बंदरात लायटर म्हणजे मोठ्या जहाजाचा माल उतरवून घेणारी सपाट बोट. जहाजाला हलकं करते म्हणून लायटर. रेडीचं लोहखनिज बाहेर नांगरलेल्या जहाजापर्यंत नेणारे बार्ज याच जातीचे, फक्त काम उलटं. गाडीतून उतरण्याला इंग्रजीत अलाइट म्हणतात, तेही यातलंच: घोड्यावरून उतरून त्याचा भार हलका करणं. आपले चाकरमानी मुंबईहून बोटीने गावी येत तेव्हा, जिथे बोट धक्क्याला लागत नसे तिथे, भर पाण्यात पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरत. ट्रंका, वळकट्या, पोरंबाळं सगळ्यांसकट. बोट हलकी व्हायची खरी, पण पडावातल्यांचा जीव मुठीत!

खाटकाकडच्या फुफ्फुसांनाही इंग्रजीत लाइट्स म्हणत, वजनाला हलकी म्हणून. फुफ्फुसाचा 'लंग' हा शब्दही त्याच मुळाचा.

एका ठिकाणी मात्र हे दोन्ही लाइट अगदी एकच वेष घालून येतात. दीपगृह बांधता येत नाही अशा जागी दिवा लावून नांगरलेलं जहाज, ते लाइटशिप. आणि जहाज बांधणाऱ्यांच्या हिशेबात माल, इंधन, खलाशी काही न धरता जहाजाचं जे नुसतं वजन, तेही लाइटशिप. तेव्हा अशा कागदावर लाइटशिप वाचलंत, तर डोलकाठीवर दिवा शोधत बसू नका. आकड्यापुढे टन लिहिलंय का, ते आधी बघा.