मे महिन्यातली खानावळ

नमस्कार श्रोतेहो. कोकण किनाऱ्यावर, विशेषतः मालवण, तारकर्ली, दापोली, गुहागर या पट्ट्यात जे खानावळ चालवतात, त्यांच्यासाठी आजचं बोलणं आहे. शाळांना सुट्टी लागली की एप्रिलच्या मध्यापासून ३१ मेपर्यंत पंगतीमागून पंगत उठते. त्या दीड महिन्यात दुरुस्तीला उसंत मिळत नाही. म्हणून फ्रीज, पाणी आणि गॅस ही कामं मार्चमध्येच उरकायला हवीत.

सुरुवात फ्रीजपासून. थंडीत बरा चाललेला फ्रीज मेमध्ये मान टाकतो, त्याचं कारण बहुतेक वेळा मागच्या किंवा खालच्या जाळीत असतं. धूळ आणि फोडणीचा तेलकट थर तिथे बसला की आतली उष्णता बाहेर पडत नाही. प्लग काढून मऊ ब्रशने जाळी साफ करा आणि फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला, तर रबर बदलायचं. आत थर्मामीटर ठेवा. फ्रीज ५ अंशांच्या खाली आणि डीप फ्रीजर उणे १८ वर हवा. संध्याकाळी विजेचा दाब उतरतो, तेव्हा कॉम्प्रेसर जळण्याची भीती असते. तिथे स्टॅबिलायझरचा खर्च टाळू नये.

आता मासळी. इथे जरा थांबून बोलायला हवं. बांगडा, सुरमई, कुपा हे मासे उन्हात राहिले की जिवाणू त्यांच्या मांसात हिस्टामीन नावाचं द्रव्य तयार करतात. मासा तळला, उकळला किंवा नंतर गोठवला, तरी ते जात नाही. वासावरूनही दर वेळी कळत नाही. खाणाऱ्याची जीभ चुरचुरते, चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, अंगाला खाज सुटते, आणि आपण म्हणतो, पाहुण्यांना मासळी सोसत नाही! खरी चूक बंदरापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या वाटेवर झालेली असते. उन्हाळ्यात किलोला किलो बर्फ लागतो. पेटीत तळाला बर्फ, वर मासे, पुन्हा बर्फ असे थर लावा आणि वितळलेलं पाणी वाहून जायला तळाचं भोक उघडं ठेवा. त्या पाण्यात पडून राहिलेला मासा लवकर मऊ पडतो. आल्याआल्या पोट साफ करायचं, धुवायचं, पुन्हा बर्फात. मीठ-मसाला लावलेल्या तुकड्याही ओट्यावर नकोत, फ्रीजमध्येच हव्यात.

हिशेब करताना लक्षात ठेवा, १० किलो अख्ख्या सुरमईतून साधारण साडेसहा ते सात किलो तुकडी हाती लागते. डोकं कढीला जातं. सुरमईचा भाव रोज हलतो, म्हणून छापील कार्डावर तिचा दर घालू नका. तो फळ्यावर रोज खडूने लिहावा.

मासळीच्या पेटीतला बर्फ सरबताच्या ग्लासात कधीही जाता कामा नये. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फाला निळा रंग घालण्याचा नियम आहे. पिण्याचा बर्फ वेगळ्या पेटीत, वेगळ्या चमच्याने.

सोलकढीचं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, मिठामुळे टिकतं, पण नारळाचा रस उन्हात दोन-तीन तासांत उतरू लागतो. सकाळी मोठा टोप भरून ठेवण्यापेक्षा दर पंगतीला रस काढा. भांडं बर्फात ठेवा. बर्फ कढीत टाकलात तर ती पाणचट होते. ओल्या वाटपाचंही तसंच, अर्ध्या दिवसापुरतंच वाटावं. मालवणी मसाला मात्र आत्ताच्या कडक उन्हात करून ठेवा, तो टिकतो.

भाताला माणशी १०० ते १२० ग्रॅम तांदूळ धरा. शिजलेला भात ६० अंशांच्या वर गरम राहिला पाहिजे. कोमट टोपात जिवाणू वाढतात. म्हणून एकदम ३० किलो लावण्यापेक्षा पाच-पाच किलोची घाणी बरी. उरलेला रस्सा पसरट परातीत दोन इंच खोलीपर्यंत ओतून थंड करा आणि मग फ्रीजमध्ये ठेवा. गरम टोप तसाच आत ठेवलात तर शेजारची मासळीही तापते.

मेमध्ये विहिरी तळ गाठतात, टँकरचं पाणी येतं. टाकी आधी घासून घ्या. मग ती भरून १००० लिटरला १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर घाला, काही तास ठेवा आणि ते पाणी सोडून द्या. पिण्याच्या पाण्याला १००० लिटरला अडीच ग्रॅम पुरते. तासाभराने ग्रामपंचायतीकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारी चाचणी, करून घ्या. उघडी राहिलेली पावडर निकामी होते, हे बऱ्याच ठिकाणी विसरलं जातं.

गॅसच्या नळीवरची तारीख पाहा, जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे तपासा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे सिलिंडर खड्ड्यात किंवा बंद कोपऱ्यात नको. चुलीपाशी उभ्या माणसांना दर तासाला पाणी प्यायला सोडा.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून फ्रीजरमधला माल तारखेप्रमाणे संपवत आणा आणि जुना आधी काढा. खारे बांगडे आणि जवळा याच दिवसांत घेऊन पुन्हा दोन उन्हं दाखवा, नि पहिली सर येण्याआधी घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.