दहा टनांची बोट, वजन मात्र पाच टनसुद्धा नाही

अमेरिकेत मेरीलँडमध्ये एक बोटयार्ड आहे, चेसापीक बे या खाडीच्या काठावरचं. थंडी जवळ आली की इथे सगळे आपापल्या बोटी पाण्याबाहेर काढून घेतात. दोन रुंद पट्टे बोटीच्या पोटाखालून घालायचे आणि झोळीतल्या बाळासारखी अख्खी बोट वर उचलायची. माझा आतेभाऊ पहिल्यांदा आला तेव्हा क्रेनवाल्याने विचारलं, वजन किती? याने कागदावर वाचलेलं ठोकून दिलं, दहा टन. क्रेनवाला एकदा बोटीकडे बघतो, एकदा याच्याकडे बघतो आणि म्हणतो, दाखव बरं कागद. तर कागदावर खरंच ग्रॉस टनेज 10 असंच होतं, आणि बोट मात्र डिझेल-पाणी भरून, सामानसुमान ठेवूनही पाच टनांच्या आतच भरली.

कागद बरोबरच होता, फक्त त्यातला टन हा वजनाचा टन नाहीये. तो जागेचा टन आहे, म्हणजे बोटीच्या पोटात किती मावतं त्याचा.

याचं मूळ वाइनच्या पिंपात आहे. जुन्या काळी युरोपात वाइन ज्या मोठ्या पिंपातून जायची त्याला टन म्हणायचे, आणि जहाजात अशी किती पिंपं बसतात त्यावर कर लागायचा. आपल्याकडे कोकणातही गलबत किती खंडीचं असंच विचारायचे की, खंडी म्हणजे वीस मण. जहाज केवढं आहे ते माल केवढा मावतो त्यावरूनच कळणार ना.

पण पिंपं मोजत कोण बसणार, म्हणून इंग्लंडमध्ये 1773 मध्ये एक फॉर्म्युला कायद्यात आला. लांबी घ्या, त्यातून रुंदीचे तीन पंचमांश वजा करा, रुंदी घ्या, आणि खोली मोजूच नका, रुंदीच्या निम्मी धरा, मग सगळा गुणाकार करून 94 ने भागा. गंमत बघा, खोली मोजतच नाहीत म्हटल्यावर जहाजं बांधणारे काय करणार, अरुंद आणि खोल जहाजं बांधायला लागले, माल जास्त, कर कमी, आणि समुद्रात ती जहाजं धड चालेनात. मुंबईत वाडियांनी सागवानाची बांधलेली ट्रिंकोमली नावाची युद्धनौका, 1817 ची, आजही इंग्लंडात हार्टलपूलला उभी आहे, तिचे जे हजारावर टन सांगतात तेही याच 94 वाल्या हिशोबाचे.

मग 1854 च्या कायद्यात जॉर्ज मूरसमची पद्धत आली, आतली जागा खरोखर मोजायची आणि 100 घनफुटांना एक टन म्हणायचं. 100 घनफूट म्हणजे पाच फूट लांब, पाच फूट रुंद, चार फूट उंच अशी एक पेटी डोळ्यासमोर आणा. आतेभावाच्या कागदावरचे दहा टन म्हणजे अशा दहा पेट्या, बस.

आता अमेरिकेत हौसेच्या बोटीसाठी हे काम फारच सोपं करून ठेवलंय, मालकाने टेप घेऊन स्वतः मोजलं तरी चालतं. लांबी नाकापासून शेपटीपर्यंत, पण रडर म्हणजे सुकाणू आणि नाकातून पुढे आलेला दांडा, बोस्प्रिट, सोडून. रुंदी सगळ्यात रुंद जागी, कडेची रबराची पट्टी सोडून. खोली मधोमध, डेकपासून तळापर्यंत, कील म्हणजे तळाचा कणा सोडून. आतेभावाची बोट 30 फूट, 10 फूट, 5 फूट, गुणाकार 1500, भागिले 100 म्हणजे 15. पण बोट काही चौकोनी खोका नसते, पुढे निमुळती, खाली गोलसर, म्हणून मोटरबोटीला 0.67 ने गुणायचं. आले दहा. शिडाची बोट असती तर 0.5 ने, कारण तिचं अंग आणखी बारीक. कॅटमरान म्हणजे जोडबोट असेल तर दोन्ही हल, म्हणजे बोटीचे मुख्य सांगाडे, वेगवेगळे मोजून बेरीज. आणि वरची केबिन? ती हलएवढी किंवा हलपेक्षा मोठी नसेल तर धरतच नाहीत.

हे झालं ग्रॉस. नेट टनेज काढताना इंजिनाची जागा वजा जाते, म्हणजे इंजिन हलच्या आत असेल तर मोटरबोटीचं नेट हे ग्रॉसच्या 0.8 पट. आणि इथेच मला सगळ्यात जास्त हसू येतं. समजा 24 फूट, 8 फूट, 4 फुटांची बोट आहे, ग्रॉस येतं 5.15 च्या आसपास. इंजिन आत असेल तर नेट साधारण 4.1. तीच बोट, तेवढंच माप, फक्त इंजिन मागे बाहेर टांगलं, आउटबोर्ड, तर हलमधून काहीच वजा होत नाही आणि नेट राहतं 5.15. आणि कोस्ट गार्डकडे बोट डॉक्युमेंट करायची, म्हणजे केंद्र सरकारच्या दप्तरी नोंदवायची, तर नेट किमान 5 लागतं! म्हणजे बाहेर इंजिन टांगलेली बोट पात्र, आत इंजिन असलेली तिची जुळी बहीण बाद. हौसेच्या बोटीला हे डॉक्युमेंटेशन सक्तीचं नाहीये, पण मोठं कर्ज काढलं असेल तर बँकवाले बहुतेक तेच मागतात.

लांबी 24 मीटरच्या वर गेली की मग 1969 चा आंतरराष्ट्रीय करार, जो 1982 पासून लागू आहे, त्यात बंद जागेचं सगळं घनफळ धरतात आणि फॉर्म्युल्यात चक्क लॉगरिदम येतो. तिथे 500 ला नियम एकदम कडक होतात, त्यामुळे श्रीमंतांच्या कितीतरी यॉटचं टनेज बरोब्बर 499 असतं. 94 वाल्या जमान्यातली खोड गेलेली नाही, फक्त आता ती पॉलिश केलेल्या डेकवर बसलीये.

परत आतेभावाकडे येऊ. डॉक्युमेंट केलेल्या बोटीचा नंबर हलच्या आत, कायमचा, किमान तीन इंच उंचीच्या आकड्यात टाकावा लागतो. याने तो इंजिनशेजारी टाकलाय, बघायचा तर पालथं पडून मोबाइलचा टॉर्च मारावा लागतो. आणि वर, हॅचच्या झाकणावर, आता मार्करने बोटीचं वजन लिहिलंय, पौंडात, क्रेनवाल्यासाठी.