लॉजचं वाय-फाय आणि तोतया गेटवे

नमस्कार. समोर निम्मी मंडळी लॉज, खाणावळ, कॅफे चालवणारी दिसतायत आणि निम्मी कॉलेजची पोरं. बरंच झालं, कारण आजचा विषय दोघांचाही आहे. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करणारी माणसं सोलापुरात मुक्कामाला उतरतात. पूर्वी खोली घेताना गरम पाणी आहे का विचारायची, आता आधी वाय-फायचा पासवर्ड मागतात. तो काउंटरवर चिकटवलेलाच असतो. म्हणजे चहा प्यायला आलेला माणूसही तुमच्या नेटवर्कच्या आत. एआरपी स्पूफिंग, म्हणजे "मीच राउटर" असं खोटं सांगून दुसऱ्यांचा डेटा स्वतःकडे वळवणं, हा असा आत आलेल्याचा उद्योग आहे. इंटरनेटवरून, दुसऱ्या देशात बसून तो करता येत नाही.

हे चालतं कसं? चाळीच्या चौकात कुरिअरवाला उभा राहून ओरडतो, "बिराजदार कोण?" जो "मी" म्हणेल त्याच्या हातात पाकीट. सही नाही, ओळखपत्र नाही. तुमचा लॅपटॉप नेटवर्कवर हेच करतो. त्याला राउटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, माहीत असतो, पण पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, द्यायला मॅक अ‍ॅड्रेस लागतो. मॅक म्हणजे यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक. लॅपटॉप सगळ्यांना विचारतो, "हा आयपी कोणाचा?" जो उत्तर देईल त्याचा मॅक टेबलात लिहून ठेवतो. या विचारपूशीलाच एआरपी म्हणतात. कुणी न विचारता उत्तर पाठवलं तरी बहुतेक यंत्रं आधीची नोंद खोडून नवी लिहितात. हा नियम नोव्हेंबर १९८२ मधला, डेव्हिड प्लमर यांनी आरएफसी ८२६ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात मांडलेला. तेव्हा नेटवर्कवर ओळखीपाळखीची यंत्रं असायची. आज आपण त्यावर अनोळखी पाहुण्यांना बसवतो आणि नियम मात्र तोच.

आता पडद्याकडे बघा. राउटर माझा, दोन्ही लॅपटॉप माझे. या सभागृहाच्या वाय-फायला हात लावलेला नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडून एआरपी, स्पेस, डॅश, ए टाइप करतो. १९२.१६८.१.१ हा राउटर, म्हणजे गेटवे, बाहेरच्या इंटरनेटचं दार. त्यासमोर मॅक, दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या. शेवटची जोडी ७सी. लक्षात ठेवा. आता दुसऱ्या लॅपटॉपवर स्पूफिंगचं टूल सुरू केलं. इकडे व्हिडिओ चालू होता तसाच चालू आहे, कारण मधला लॅपटॉप पॅकेट्स वाचून इमानदारीनं पुढं ढकलतोय. पुन्हा तीच कमांड. १.१ समोरची जोडी ई४ झाली. आणि खाली १.३७, म्हणजे माझा दुसरा लॅपटॉप, त्याच्यासमोर बघा, तिथंही ई४. एका मॅकवर दोन आयपी, आणि त्यातला एक गेटवे. हीच खूण.

यात एक मेख आहे. १.३७ ची ओळ दिसली, कारण मी आधीच त्याला पिंग केलं होतं, म्हणजे "आहेस का?" असं विचारलं होतं. ज्याच्याशी तुमचं यंत्र बोललेलंच नाही, त्याची ओळख टेबलात असेलच असं नाही. म्हणून एकदा १ ते २५४ सगळ्या आयपींना पिंग मारून मगच टेबल बघावं. आणि विंडोजच्या यादीत खाली एफएफ-एफएफ किंवा ०१-००-५ई नं सुरू होणाऱ्या ओळी असतात, त्यांना घाबरू नका. त्या सगळ्यांसाठीच्या घोषणांच्या ओळी आहेत.

पण सारखा मॅक दिसला म्हणून लगेच पोलिसांत धावायचं नाही. तिसऱ्या मजल्यावर रेंज येत नाही म्हणून लॉजवाले स्वस्तातला रिपीटर बसवतात. त्यातले बरेच रिपीटर त्यांच्यामागच्या सगळ्या मोबाइलना बाहेर स्वतःचाच मॅक लावतात. मग राउटरच्या टेबलात दहा पाहुणे आणि मॅक एकच. हा चोर नव्हे, रिपीटरचा डबा आहे. विजेच्या झटक्यात राउटर गेला आणि नवा आणला, तर गेटवेचाही मॅक बदलणारच. म्हणून माझा आग्रह एवढाच, की सगळं नीट चालू असेल त्या दिवशी गेटवेचा मॅक आणि रिपीटरचा मॅक वहीत लिहून ठेवा. ही नोंद नसेल तर समोर ई४ दिसूनही तुम्हाला काही कळणार नाही. नेट स्लो झालं म्हणजे हल्ला, असं मानणाऱ्यांना तर मी हात जोडतो. संध्याकाळी सात वाजता सगळ्यांचंच नेट स्लो असतं.

कॉलेजच्या पोरांसाठी थोडं पुढचं. टेबलातल्या नोंदी शिळ्या होतात, यंत्रं पुन्हा विचारायला लागतात. त्यामुळे हल्लेखोराला तेच खोटं उत्तर काही काही सेकंदांनी पुन्हा पाठवावं लागतं. त्याला गप्प बसता येत नाही, आणि तिथंच तो सापडतो. वायरशार्क या नेटवर्कवरची पॅकेट्स दाखवणाऱ्या साधनात फक्त एआरपी गाळून बघा: प्रश्न नाही आणि उत्तरांची रांग लागलीय, एकच आयपी दोन मॅकवर दिसतोय अशी पिवळी सूचना येतेय. आर्पवॉच नावाचं जुनं साधन आहे, ते आयपी-मॅकच्या जोड्या लिहून ठेवतं आणि एखादा आयपी दोन मॅकमध्ये उड्या मारायला लागला की "फ्लिप फ्लॉप" असा मेल टाकतं. लॉजमध्ये मात्र ते दिवसभर बोंबलत बसेल, कारण हल्लीचे मोबाइल बनावट मॅक घेऊन येतात आणि प्रत्येक पाहुणा नवा वाटतो. फक्त गेटवेच्या सूचना ठेवा, बाकीच्या गाळा.

शिवाय खोटं उत्तर बहुधा थेट त्या एका लॅपटॉपलाच पाठवलेलं असतं. कोपऱ्यात बसवलेल्या पहारेकऱ्याला ते ऐकूच जात नाही. पहारा राउटरवर किंवा स्विचवर, म्हणजे यंत्रं वायरनं जोडणाऱ्या डब्यावर हवा. मोठ्या स्विचमध्ये डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन असतं. कोणाला कोणता आयपी दिला याची डीएचसीपीची, म्हणजे आयपी वाटणाऱ्या यंत्रणेची, यादी धरून ते खोटं उत्तर जागीच टाकून देतं. आणि पोरांनो, हे प्रयोग स्वतःच्या राउटरवर. दुसऱ्याच्या नेटवर्कवर केलेत तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ आहे, तीन वर्षांपर्यंत कैद.

मोबाइलवर "वाय-फाय सुरक्षा" नावाची अ‍ॅप्स मिळतात. अँड्रॉइड १० पासून साध्या अ‍ॅपला एआरपीचं टेबल वाचायला मनाई आहे. मग ते हिरवी टिक कशाच्या जोरावर दाखवतं, हे त्यालाच विचारा.

पाहुण्याचं काय जातं? १० वर्षांपूर्वी विचारलं असतं तर पासवर्ड म्हटलं असतं. आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर आहेत, म्हणजे मजकूर कुलूपबंद होऊन जातो. मधला माणूस तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे बघू शकतो, आत काय टाइप केलं ते नाही. फक्त सर्टिफिकेटची लाल सूचना आली की "तरीही पुढे जा" दाबू नका, वाय-फाय बंद करा आणि मोबाइल डेटावर या.

खरा धोका मालकाला आहे, आणि हे मला आज मुद्दाम सांगायचंय. पाहुण्यांचं वाय-फाय आणि काउंटरचा कॉम्प्युटर एकाच राउटरवर. त्या कॉम्प्युटरवर पाहुण्यांच्या आधारच्या झेरॉक्सचे स्कॅन, शेअर केलेल्या फोल्डरमध्ये. बिलिंगचं सॉफ्टवेअर साध्या, कुलूप नसलेल्या एचटीटीपीवर. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डीव्हीआरचं लॉगिनही तसंच. बँकेचं कुलूप बँकेनं लावलंय; तुमच्या काउंटरला कडीसुद्धा नाही. चोर तिथंच हात घालणार.

उपाय राउटरच्या सेटिंगमध्ये आहे आणि बहुतेकांना वेगळा पैसा लागत नाही. गेस्ट नेटवर्क चालू करा, काउंटर आणि कॅमेरे दुसऱ्या नेटवर्कवर ठेवा. गेस्टवर एपी आयसोलेशन लावा, काही कंपन्या त्याला क्लायंट आयसोलेशन म्हणतात. मग एका पाहुण्याचं पॅकेट दुसऱ्या पाहुण्यापर्यंत सरळ जात नाही. रिपीटर असेल तर त्याच्यावरही ते आहे का बघा, नाहीतर तिसरा मजला उघडाच राहील. हे केल्यावर मॅनेजरचा फोन येईल, की मोबाइलवरून बिल प्रिंट होत नाही. तेव्हा आयसोलेशन काढू नका, मॅनेजरचा मोबाइल काउंटरच्या नेटवर्कवर घ्या. आता विचारा काय विचारायचंय ते. राउटरचं मॉडेल सांगितलंत तर सेटिंग इथंच शोधून दाखवतो.