फाटकाजवळची शेवंती

(संध्याकाळ. अंगण, फाटकाच्या दिशेने.)

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. संध्याकाळचे सहा वाजले की या अंगणातून फ्रिजचा खोका चालत येतो. खोक्याखाली दिसतात त्या काकूंच्या चपला.

फाटकापाशी आल्यावर खोका दोन कुंड्यांवर उपडा घातला जातो. वाऱ्याने उडू नये म्हणून वर वीट. सकाळी सातला तो उचलायचा. पुढचे दोन महिने रोज हेच. गल्लीतल्या मुलांची खात्री आहे की आत मांजर कोंडलंय. आत शेवंती आहे.

हे असं का, ते कळायला जूनमध्ये जावं लागेल.

(पाऊस. पन्हाळीतून पडणारी धार.)

पुण्यात, कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीतला हा बंगला. बाग म्हणजे पुढे दहा पावलं आणि मागे त्याहून थोडी जास्त जागा. जानेवारीचं वर्ष भिंतीवरच्या कॅलेंडरपुरतं, बागेचं वर्ष मृगाला सुरू होतं. एक चांगली सर पडून गेली की तीन-चार दिवसांत गवतासारख्या पातींमधून गुलाबी लिलीचे दांडे वर येतात. आदल्या आठवड्यात तिथे पाती आहेत हेही लक्षात येत नाही.

तेरडा कुणी पेरलेला नसतो. गेल्या वर्षीच्या बोंडांनी स्वतःच उडवलेलं बी फरशीच्या फटीत, तुळशीच्या कुंडीत, पायरीच्या कोपऱ्यात, कुठेही रुजतं. ही बोंडं बघा. पिकलेल्या बोंडाला बोट लागायचा अवकाश...

(बोंड फुटतं. संथ गतीत.)

तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण म्हणतो. या अंगणात तो दीड-दोन महिने टिकतो. म्हण करणाऱ्याने तो बहुतेक तोडून घरात नेला असावा.

श्रावणात मागच्या नळापाशी सोनटक्का फुलतो आणि पारिजातकाचा सडा सुरू होतो. झाडाखाली जुनी साडी रात्रीच अंथरून ठेवायची. पहाटे फुलं मातीत पडत नाहीत, देवाला चालतात. ब्रह्मकमळ ऑगस्टात एका रात्री फुललं. आम्ही त्या रात्री घरी झोपलो होतो. त्यामुळे इथे दिसताहेत ती दुसऱ्या दिवशी सकाळची, मान टाकलेली फुलं.

(काकूंचे हात. शेवंतीची रोपं.)

आता शेवंती.

बहर संपला की काकू शेवंती वीतभर ठेवून कापतात. बुंध्यापाशी मातीतून नवे कोंब येतात, त्यांना म्हणायचं काश्या. पावसाच्या तोंडावर त्या मुळांसकट सोडवून एकेका कुंडीत लावायच्या. यंदा एकाच जुन्या झाडाच्या सहा काश्या, सहा कुंड्या. माती तीच, शेणखत तेच. कुंड्या विटांवर, कारण आषाढात खाली पाणी साचलं तर शेवंती आठवड्यात सडते. शेंड्याला काळा मावा लागला तर साबणाच्या पाण्यात बुडवलेलं फडकं.

आणि खुडणं. जुलैत एकदा, ऑगस्टात एकदा. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये शेंडा धरून टक्कन तोडायचा. एका शेंड्याच्या जागी तीन-चार फुटतात, झाड रुंद होतं. हे दृश्य आम्ही बरंच लांब ठेवलं आहे, कारण काकू खुडताना झाडाकडे बघतसुद्धा नाहीत, बोटांना शेंडा सापडतो. गौरी आल्या की मात्र खुडणं बंद. त्यानंतर तोडला जाणारा शेंडा म्हणजे गेलेली कळी.

सप्टेंबरच्या शेवटी दोन कुंड्या पुढे, फाटकाशी आल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसाव्यात, एवढाच हेतू. चार मागेच राहिल्या.

(रात्र. फाटकावर पांढरा उजेड.)

फाटकावर रस्त्याचा दिवा आहे. पूर्वी इथे पिवळा होता, आता पांढरा एलईडी. कबूल करायला हवं, कॅमेऱ्याला तो फार आवडला. रात्रीचं हे सगळं चित्रण त्याच्याच जिवावर.

ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी झाली. बाहेरच्या अंगाला असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरका काप. साधारण ४५ दिवसांनी फुलं, म्हणजे दिवाळी संपता संपता. दसऱ्याचा झेंडू तोरणात गेला. जास्वंद नेहमीसारखी रोज फुलत होती. ती बाराही महिने फुलते, म्हणून आम्ही तिच्याकडे फारसा कॅमेरा वळवला नाही.

(भिंतीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन कुंड्या.)

नोव्हेंबरच्या मध्यावर काकूंनी मागची एक कुंडी आणि फाटकाजवळची एक कुंडी उचलून या भिंतीवर ठेवली. डावीकडची पिवळीधमक, पानं दिसत नाहीत इतकी. उजवीकडची नुसती हिरवी. उंच, तजेलदार, निरोगी, आणि एकही कळी नाही.

बहीण-बहीण आहेत या दोघी.

शेवंतीला कळी धरायला लांब आणि सलग रात्र लागते. जूनमध्ये पुण्यातला दिवस १३ तासांहून थोडा मोठा असतो, डिसेंबरात तो ११ तासांवर येतो. सप्टेंबरनंतर रात्र दिवसाला मागे टाकते आणि शेवंतीच्या पानांना ते समजतं. झाडं दिवसरात्रीच्या लांबीवर फुलतात, हे १९२० मध्ये गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी मांडलं. त्यांनी तंबाखू आणि सोयाबीन अंधाऱ्या खोपटात ठेवून पाहिली होती. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी पुढचं दाखवलं. आपल्या रस्त्याकडेला वाढणारं, काटेरी फळं कपड्यांना चिकटवणारं जे रोपटं आहे, त्याच्यावर त्यांनी प्रयोग केले. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ उजेड पाडला आणि रोप फुलेना. दिवसा मध्येच अंधार केला, त्याने काही फरक पडला नाही. हिशेब रात्रीचा होता.

फुलांची शेती करणारे हेच उलटं वापरतात. शेवंतीवर रात्री दिवे लावून बहर हवा तेवढा पुढे ढकलतात. त्यांचा दिवा ठरलेल्या दिवशी बंद होतो. फाटकावरचा होत नाही.

म्हणून खोका.

(पहाट. खोका उचलला जातो.)

तेरा तासांचा अंधार, रोज. एकदा लग्नाहून यायला उशीर झाला तेव्हा काकूंनी शेजारच्या मुलाला फोन करून खोका घालायला लावला. डिसेंबर संपताना पानांच्या बेचक्यात हिरवे मणी दिसले. संक्रांतीला कंपाउंडवर संक्रांतवेलीचा नारिंगी पडदा उतरला होता आणि फाटकापाशी कळ्या अजून मिटलेल्या होत्या. जानेवारीच्या अखेरीस, एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन आटोपलं त्या आठवड्यात...

(काही सेकंद फक्त चित्र.)

दिव्याला फाटकाच्या बाजूने आडोसा लावा, असा अर्ज काकूंनी दिला आहे. उत्तर नाही. शेजारचा बंगला पाडून तिथे सात मजले येणार आहेत.

(उन्हाळा.)

चाफ्याने पानं टाकली आणि बोडक्या फांद्यांच्या टोकांना फुलं धरली. मोगरा संध्याकाळी तोडायचा, कळी असतानाच. बोगनवेलीचं पाणी काकूंनी मुद्दाम तोडलं. ती तहानेला आली की जास्त रंगते. रंग तिच्या फुलाचा नव्हे बरं का, फूल म्हणजे आतली ही पांढरी, बारीक नळी. मे महिन्यात, हिवाळाभर रिकाम्या वाटणाऱ्या एका कुंडीतून फायर बॉलचा लालभडक गोळा वर आला, पानांच्याही आधी.

आणि पुन्हा काश्या. यंदा नऊ निघाल्या. नऊही कुंड्या मागच्या अंगणात, पारिजातकापलीकडे, जिथे रात्री आपला हात आपल्याला दिसत नाही.

(फाटक. रात्र. पहिला पाऊस.)

फाटकाशी काकूंनी जास्वंद आणून ठेवली. तिला दिव्याचं काही नाही.