कोणता करपा, कोणतं औषध

मंडळी, कृषी सेवा केंद्रात जाऊन आपण म्हणतो, ‘टोमॅटोवर करपा आलाय, चांगलंसं काहीतरी द्या.’ समोरून दोन पुड्या आणि एक बाटली येते, सगळं एकाच टाकीत जातं. त्यातलं एखादं लागू पडतं, बाकीच्याचे पैसे पाण्यात. म्हणून आज मी औषधांची यादी देणार नाही. दुकानाची पायरी चढण्याआधी शेतात काय बघायचं, ते सांगतो.

टोमॅटोवर करपे दोन. पहिला अल्टरनेरिया या बुरशीचा. तो खालच्या जुन्या पानांवर सुरू होतो, तपकिरी ठिपक्यात एकात एक वर्तुळं दिसतात आणि भोवती पिवळी कडा असते. हा सावकाश वर चढतो, सावरायला वेळ देतो. दुसरा फायटोप्थोराचा. त्याला ‘उशिरा येणारा’ म्हणतात, पण तो लहान रोपांनाही सोडत नाही. पानावर भिजल्यासारखे काळपट हिरवे डाग, खोडावर काळे पट्टे, हिरव्या फळावर टणक तपकिरी चट्टा. ढगाळ हवा, रिमझिम आणि १५ ते २० अंशांची थंड रात्र सलग मिळाली, की चार-आठ दिवसांत प्लॉट बसतो. १८४५ पासून आयर्लंडचा बटाटा संपवला तो ह्यानेच.

शंका वाटली तर एक सोपी गोष्ट करा. डाग पडलेलं ताजं पान प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल्या कापसाबरोबर घाला, तोंड बांधा आणि रात्रभर सावलीत ठेवा. सकाळी पान उलटं करून डागाची कड बघा. तिथे पांढरी विरळ लव दिसली तर दुसरा करपा धरून चाला. लव नाही दिसली म्हणून मात्र लगेच निश्चिंत होऊ नका, आणखी एक रात्र ठेवा.

एवढा खटाटोप कशासाठी? फायटोप्थोरा ही खरी बुरशीच नव्हे. तिच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असतं, नातं शेवाळाकडचं. हेक्साकोनाझोल, टेब्युकोनाझोल ही औषधं बुरशीला लागणारं अर्गोस्टेरॉल हे द्रव्य बनणं थांबवतात. फायटोप्थोरा ते बनवतच नाही, मग थांबवणार काय? कार्बेन्डाझिम या औषधाचाही इथे उपयोग नाही. उलट मेटॅलॅक्झिल हे औषध फायटोप्थोरावर चालतं, पण अल्टरनेरियाला त्याने काही होत नाही.

काकडी, दोडका, कारलं लावणाऱ्यांनी हाच हिशेब केवडा आणि भुरी या रोगांना लावावा. केवडा फायटोप्थोराच्या भाऊबंदांतला. शिरांमध्ये अडकलेले पिवळे कोनाकृती डाग, खाली करडी-जांभळट लव. त्याला पानावर ओल लागते. भुरी खरी बुरशी. ती पानाच्या वरच्या बाजूलाही पिठासारखी पसरते आणि तिला पान ओलं असण्याची गरज नसते. भुरीवर गंधक चालतं, केवड्यावर नाही. आणि गंधक भर उन्हात मारू नका, वेलवर्गीयांची पानं भाजतात.

बरं, मेटॅलॅक्झिल एकदा लागू पडलं म्हणून तेच तेच मारायचं का? १९८० मध्ये आयर्लंड आणि हॉलंडमध्ये बटाट्यावर हेच झालं, औषध बाजारात येऊन काही वर्षं होतात तोच रोगाने दाद देणं सोडलं. रोगाच्या पेशीत एकाच जागी घाव घालणारं औषध असलं की हा धोका आलाच. मॅन्कोझेब अनेक ठिकाणी मार करतं, म्हणून इतकी वर्षं टिकून आहे. पण ते पानात शिरत नाही, रोग येण्याआधी पानावर असेल तरच कामाचं. ढग दिसताच मारा, आणि नोझल पानाच्या खालच्या बाजूला पोचतोय ना ते बघा.

मल्चिंग, ठिबक, सुतळीने वेळेवर बांधणी, खालची पानं काढणं हे तुम्हाला ठाऊक आहे. संध्याकाळी तुषार चालवणं मात्र बंद करा, रात्रभर पान ओलं राहतं.

शेवटी तोडणी. टोमॅटो दोन-तीन दिवसांआड तोडता, आणि लेबलवर फवारणीनंतर किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. पहिला तोडा सुरू झाला की लांब थांबायला लावणारं आंतरप्रवाही, म्हणजे पानात शिरणारं, औषध कपाटात ठेवा आणि दुकानदाराला आधी तो दिवसांचा आकडा विचारा.