शेपूचा सगळा वाफा उपटू नका

श्रोतेहो, नमस्कार. शेपू म्हटलं की घरात दोन तट पडतात. कुणी भाकरीबरोबर मागून खातं, कुणी नुसत्या वासानं पानावरून उठतं. मी मागून खाणाऱ्यांतली. म्हणूनच आज शेपूची बाजू मांडते आहे.

पेरणीला थंडीचे दिवस चांगले. दिवस मोठा झाला, ऊन तापलं, की शेपू पाला कमी धरतो आणि लवकर फुलावर येतो. वाफा भुसभुशीत करा, ओळीत बी टाका आणि वर जेमतेम एक सेंटीमीटर माती ओढा. आठवडा-दहा दिवसांत ते उगवतं. रोपं करून मग लावायच्या फंदात मात्र पडू नका. शेपू गाजराच्या कुळातला, त्याचं मूळ सरळ खाली जातं. उपटून लावलं की ते दुखावतं. कुंडीसुद्धा फूटभर खोल हवी. 40-45 दिवसांत भाजी हाताशी येते.

माझी कळकळीची विनंती आहे ती इथे. भाजी काढताना दहा-बारा झाडं राखा. ती कमरेएवढी वाढतात आणि शेंड्याला छत्री धरतात. जवळ जाऊन पाहा. एका टोकातून काड्या फुटलेल्या, प्रत्येक काडीवर पुन्हा लहान छत्री आणि तिच्यावर पिवळी, इवलीशी फुलं. या फुलांत मध उघड्यावरच असतो, त्यामुळे तोंड आखूड असलेले कीटकही तो पिऊ शकतात. सिरफिड माशी त्यांतलीच एक, आणि तिच्या अळ्या मावा खातात. कोबीच्या, वालाच्या शेजारी फुललेला शेपू हवाच, तो यासाठी.

पुढे बी धरतं. चपटं, तपकिरी, कडेला फिकट झालर. बाळंतिणीला ओवा-तिळाबरोबर भाजून देतात तो बाळंतशेपा हाच. पानाचा वास वेगळा आणि बियांचा वेगळा, कारण बियांच्या तेलात कार्व्होन नावाचं वासाचं द्रव्य भरपूर असतं. हेच तेल तान्ह्या बाळांच्या ग्राइप वॉटरमध्ये वापरत आले आहेत.

छत्र्या तपकिरी होऊ लागल्या की सकाळी दव असतानाच कापा, उन्हात बी गळतं. कागदी पिशवीत उलट्या टांगून वाळवा. थोडं बी पुढच्या पेरणीला ठेवा, बाकीचं मंद आचेवर भाजून जेवणानंतर चिमूटभर खा.