गोल्फचे मैदान वाचता येते का?

श्रोतेहो,

गोल्फच्या मैदानांच्या रचनेचे एखाद्याला कितपत ज्ञान आहे, हे तपासायचे कसे, असा विषय आयोजकांनी मला दिला आहे. आपल्यापैकी बहुतेक जण लँडस्केप आर्किटेक्चरचे किंवा स्थापत्य अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहात आणि गोल्फचा क्लब हातात धरलेले फार थोडे असतील. त्याने काही अडत नाही. जमिनीचा उतार, मातीचा पोत आणि पाण्याची वाट यांचा विचार करायची सवय ज्याला आहे, त्याला या विषयात शिरायला निम्मी वाट मोकळीच असते.

या विषयावरच्या प्रश्नमंजूषा बहुधा नावे आणि साले विचारतात. अमुक मैदान कोणी आखले, तमुक केव्हा खुले झाले, पाण्यात बेटासारखे ग्रीन, म्हणजे छिद्राभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, कुठे आहे. अशी माहिती असू नये असे मी म्हणणार नाही, परंतु तिने पाठांतराची परीक्षा होते, रचनेच्या समजेची होत नाही. मला परीक्षक नेमले तर तोच प्रश्न विचारून मी पुढे लगेच ‘का’ विचारीन, आणि खरे गुण त्या दुसऱ्या उत्तराला देईन.

उदाहरण स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचे घेऊ. तिथे सात ग्रीन जोडग्रीन आहेत, म्हणजे एकाच विस्तीर्ण हिरवळीवर दोन वेगवेगळ्या होलांचे (पहिल्या फटक्याच्या जागेपासून, म्हणजे टीपासून, छिद्रापर्यंतच्या खेळाच्या टप्प्यांचे) झेंडे उभे असतात, आणि अशा प्रत्येक जोडीच्या क्रमांकांची बेरीज अठरा येते : दुसरे आणि सोळावे, तिसरे आणि पंधरावे, याप्रमाणे आठवे आणि दहावे येथपर्यंत. ही गोष्ट गोल्फच्या अनेक चाहत्यांना तोंडपाठ असते. बेरीज अठराच का, असे विचारले की मात्र पुष्कळांना ती योगायोगाची गंमत वाटते. वस्तुतः त्यात योगायोग काही नाही. हे मैदान म्हणजे मुळात झुडपांतून काढलेली एक अरुंद पट्टी होती. खेळाडू गावापासून दूर टोकापर्यंत खेळत जात आणि त्याच होलांवरून खेळत परत येत. १७६४ मध्ये सुरुवातीच्या चार होलांची दोन केल्यामुळे बावीस होलांचा फेरा अठरांचा झाला. पुढे एकोणिसाव्या शतकात खेळणाऱ्यांची गर्दी वाढली, जाणारे आणि येणारे एकाच छिद्रापाशी समोरासमोर येऊ लागले, तेव्हा ग्रीन रुंद करून त्यांवर दोन छिद्रे केली गेली. आता गावापासून दोन होल दूर असलेले ग्रीन डोळ्यांसमोर आणा. जाताना ते दुसरे असते. परतताना तिथे पोहोचल्यावर आणखी दोनच होल उरलेली असतात, म्हणून ते सोळावे. बेरीज अठराखेरीज दुसरी येणेच शक्य नाही.

याहून महत्त्वाचे आहे ते या रुंदीकरणातून जे घडले ते. निव्वळ गर्दी टाळण्यासाठी केलेल्या रुंद जागेने खेळाडूला वाट निवडण्याचे स्वातंत्र्य दिले. डावीकडून जायचे की उजवीकडून, सुरक्षित राहायचे की धोक्याच्या कडेला चिकटून पुढच्या फटक्यासाठी चांगला कोन मिळवायचा, हे प्रश्न त्या रुंदीनेच निर्माण केले. फेअरवे, म्हणजे टी आणि ग्रीन यांमधला कापलेल्या गवताचा पट्टा, अरुंद केला की मैदान अवघड होते हा समज आजही फार पसरलेला आहे, आणि माझ्या मते या विषयातले तेवढे हानिकारक अज्ञान दुसरे नाही. अरुंद फेअरवेवर खेळाडूला एकच हुकूम मिळतो, की सरळ मारा. विचार करण्यासारखे त्याच्यापुढे काही ठेवलेलेच नसते.

त्याच मैदानावरचे सतरावे होल, ज्याला रोड होल म्हणतात, माझ्या प्रश्नपत्रिकेत नक्की असेल. इथे टीवरून डावीकडे भरपूर मोकळी जागा आहे. उजवीकडे हॉटेलच्या आवाराची हद्द आहे, आणि पूर्वी जिथे रेल्वेच्या शेड होत्या त्या कोपऱ्यावरून चेंडू न्यावा लागतो. ग्रीन लांबट व अरुंद असून तिरपे बसवले आहे. त्याच्या डाव्या अंगाला पुढे एक खोल बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, आणि मागच्या बाजूला रस्ता. ज्याने हद्दीजवळून जाण्याचा धोका पत्करला त्याला ग्रीन लांबीच्या दिशेने उलगडलेले दिसते. डावीकडे सुखरूप राहिलेल्याला बंकरवरून, अरुंद पट्टीवर, पलीकडे रस्ता असताना चेंडू थांबवायचा असतो. म्हणजे पहिल्या फटक्याची किंमत दुसऱ्या फटक्याच्या वेळी वसूल होते. परीक्षार्थीने या होलाचा आराखडा ग्रीनपासून मागे टीकडे वाचला तर त्याला विषय कळला आहे असे मी समजेन, आणि टीपासून पुढे वाचू लागला तर आणखी एखादा प्रश्न विचारून पाहीन.

तो आणखी एक प्रश्न असा असेल : हा बंकर केवढा आहे? नकाशावर मोजले तर फार मोठा नाही. पण १९७८ च्या ओपन स्पर्धेत जपानचा खेळाडू नाकाजिमा दोन फटक्यांत या ग्रीनवर पोहोचला होता; तिथून पट करताना, म्हणजे चेंडू छिद्राकडे हलकेच घरंगळवताना, त्याचा चेंडू उतारावरून वळत वळत थेट या बंकरमध्ये उतरला, बाहेर काढायला त्याला चार फटके लागले आणि ते होल नऊ फटक्यांत संपले. आपल्याकडे पाणलोट क्षेत्र हा शब्द गावोगाव परिचयाचा आहे. तलावाचा आकार आणि त्याच्या पाणलोटाचा आकार या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. बंकरचेही तसेच असते. त्याचे खरे माप वाळूच्या काठाशी संपत नाही, भोवतालची जितकी जमीन चेंडूला त्याच्याकडे ओढून नेते तितके ते पसरलेले असते. नकाशात वाळूचे ठिपके मोजून मैदानाची काठिण्यपातळी सांगणाऱ्याने समोच्च रेषा पाहिलेल्याच नसतात.

आता एका नामांकित होलाकडे वळतो, कारण आपल्या मातीशी त्याचा संबंध जोडता येतो. स्कॉटलंडमध्येच नॉर्थ बेरिकच्या वेस्ट लिंक्सवर पंधराव्या होलाला रेडन म्हणतात. रेडन हा तटबंदीचा एक प्रकार आहे. आपल्या किल्ल्यांचे बुरूज बहुतेक गोलाकार असतात. रेडन दोन भिंती कोनात जोडून शत्रूच्या दिशेने पुढे काढलेला असतो. क्रिमियन युद्धात सेवास्तोपोलच्या वेढ्यात १८५५ साली ब्रिटिश सैन्याने अशाच एका रेडनवर हल्ला केला होता आणि त्या आठवणीतून हे नाव मैदानावर आले. या होलाचे ग्रीन समोरच्या उजव्या कोपऱ्यातून मागच्या डाव्या कोपऱ्याकडे तिरपे जाते, खेळाडूपासून दूर उतरते, आणि डाव्या पुढच्या अंगाला खोल बंकर त्याची राखण करतो. झेंड्यावर थेट मारलेला चेंडू बंकर ओलांडून पडला, तरी उतारावर न थांबता मागे निघून जातो. जाणता खेळाडू झेंडा सोडून ग्रीनच्या उजव्या खांद्यावर, म्हणजे तिथल्या उंचवट्यावर, चेंडू टाकतो आणि जमिनीलाच तो डावीकडे वाहून नेऊ देतो. चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्ड यांनी ही कल्पना अमेरिकेत लाँग आयलंडवर नॅशनल गोल्फ लिंक्सच्या चौथ्या होलासाठी नेली, आणि तिथून तिच्या आवृत्त्या देशभर पसरल्या. मूळ जागी उंचवट्याआड दडलेले ग्रीन मॅकडोनाल्ड यांनी टीवरून दिसेल असे केले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांनी होलाचे बाह्य रूप बदलले आणि तत्त्व मात्र उचलले.

इथपर्यंतचे उत्तर चांगला वाचक देऊ शकेल. माझा पुढचा प्रश्न असा : हेच होल मोजमापे अचूक ठेवून पुण्याजवळच्या काळ्या मातीत बांधले, तर जुलै महिन्यात ते रेडन राहील का?

राहणार नाही. लिंक्सची जमीन समुद्राने मागे टाकलेल्या वाळूची असते. पावसाचे पाणी मुरून जाते, वर बारीक पात्याचे फेस्क्यू गवत वाढते, आणि चेंडू टणक जमिनीवर उसळून घरंगळतो. रेडनचा सारा अर्थ त्या घरंगळण्यावर उभा आहे. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पावसाळ्यात तिच्यावर पडलेला चेंडू जिथे पडला तिथेच रुततो. मग उजवा खांदा कामाचा राहत नाही, मागे जाणाऱ्या उताराची भीती उरत नाही, आणि खेळाडू बंकरवरून सरळ झेंड्यावर चेंडू उतरवतो. आकार तोच राहतो आणि त्यातला प्रश्न नाहीसा होतो. परदेशी मैदानांची छायाचित्रे समोर ठेवून आपल्याकडे आखणी करू पाहणाऱ्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगत आलो आहे, कारण चूक लक्षात येते तेव्हा मातीकाम होऊन गेलेले असते.

उपाय आहेत, आणि ते जमिनीखाली आहेत. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रीन बांधण्याच्या पद्धतीत तळाशी निचऱ्याच्या नळ्या, त्यावर सुमारे १० सेंटिमीटर खडी आणि तिच्यावर सुमारे ३० सेंटिमीटर वाळूप्रधान मिश्रण असते. ही खडी कशासाठी, असे विचारले तर दहातले नऊ परीक्षार्थी ‘पाणी झटकन खाली जावे म्हणून’ असे सांगतील. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. वाळूतल्या बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात आणि खडीतल्या मोठ्या पोकळ्यांना ते ओढून घेता येत नाही, त्यामुळे दोन थरांच्या सीमेवर पाणी अडकून राहते आणि कोरड्या दिवसांत मुळांना ओल पुरवते. जोराचा पाऊस होऊन वरचा भार वाढला म्हणजे तेच पाणी खडीत सुटते आणि नळ्यांवाटे निघून जाते. एकच थर साठवणही करतो आणि निचराही. स्थापत्यशास्त्रातली इतकी सुंदर युक्ती मला फार थोड्या ठिकाणी आढळली आहे. मात्र केवळ ग्रीन असे बांधून आपले रेडन वाचणार नाही; चेंडू ज्या उजव्या खांद्यावर टेकतो त्या भागावरही वाळूचा पुरेसा थर आणि निचरा हवा. खर्चाचे अंदाजपत्रक कमी करताना नेमका तोच भाग वगळला जातो.

अठरा होल जमिनीवर कोणत्या क्रमाने, कोणत्या दिशांनी मांडायचे, ही या कलेतली सर्वांत कठीण गोष्ट, पण तोंडी परीक्षेत ती फार तपासता येत नाही; कागद, समोच्च रेषांचा नकाशा आणि दोन दिवस दिल्याशिवाय कळत नाही. तरी एक प्रश्न विचारता येतो. लागोपाठ दोन पार तीनची, म्हणजे तीन फटक्यांत पुरी व्हावीत अशी, होल घेऊ नयेत असा एक संकेत पुष्कळ जण नियमासारखा सांगतात. मग कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर १९२८ मध्ये खुल्या झालेल्या सायप्रस पॉइंटवर ॲलिस्टर मॅकेन्झी यांनी पंधरावे आणि सोळावे अशी दोन्ही होल पार तीनची का ठेवली? सोळाव्याची टी आणि ग्रीन यांच्यामध्ये खडकाळ किनारा आणि समुद्र आहे, आणि तिथल्या जमिनीने जे देऊ केले ते संकेतासाठी नाकारणे त्यांना पटले नाही. संकेत ठाऊक असणे आवश्यक आहे. तो कुठे मोडावा हे जमीन पाहिल्याशिवाय ठरत नाही. याच्या उलट टोकाला स्कॉटलंडमधल्या म्युअरफील्डचे उदाहरण ठेवता येईल. तिथे पहिली नऊ होल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बाहेरून फिरतात, पुढची नऊ त्यांच्या आतून उलट दिशेने, आणि लागोपाठ तीनपेक्षा जास्त होल एका दिशेला जात नाहीत, त्यामुळे वारा खेळाडूला सतत नव्या बाजूने भिडतो. तिथे क्रमाची शिस्तच मैदानाचे वैभव आहे.

शेवटचा प्रश्न मी पुन्हा ओल्ड कोर्सवर नेऊन विचारीन. बाराव्या होलाच्या टीवर उभे राहिले की समोर साधे, छोटे, बिनधोक मैदान दिसते. चेंडू नेमका मध्यभागी मारला तरी तो एखाद्या बंकरमध्ये सापडू शकतो, आणि ते बंकर टीवरून दिसत नाहीत. धोका खेळाडूला दिसावा अशी रचनाकारांची एरवी धारणा असते. मग इथे ते लपवले कोणी?

परीक्षार्थीला मी घाई करणार नाही. त्याने बाराव्या ग्रीनपर्यंत चालत जावे आणि वळून टीकडे पाहावे. तिथून त्या बंकरांची तोंडे स्वच्छ दिसतात. एके काळी हे मैदान उलट दिशेनेही खेळले जात असे, पहिल्या टीवरून सतराव्या ग्रीनकडे आणि तसेच पुढे. कोणी काही लपवले नव्हते. ते बंकर समोरून येणाऱ्यांसाठी होते, आणि आता समोरून क्वचितच कोणी येते.